दुसऱ्या राज्यातलं हरीण : परराज्यातल्या शिकाऱ्याने परवाना कसा काढावा

‘हरणाच्या शिकारीचा परवाना’ हे शब्द मराठीत नुसते उच्चारले तरी डोळ्यांसमोर आधी कोर्टकचेरी येते. ते साहजिकच आहे. आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्या मूळ कायद्यात शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली आणि हौसेच्या शिकारीचं दार कायमचं बंद झालं. त्यामुळे अमेरिकेत येऊन स्थिरावलेल्या आपल्या माणसाला ऑफिसातला सहकारी जेव्हा म्हणतो, ‘नोव्हेंबरात विस्कॉन्सिनला हरणाच्या शिकारीला जातोय, येतोस का?’, तेव्हा तो आधी दचकतो आणि मग विचारतो, ‘मला चालेल का?’

आजचं व्याख्यान त्या ‘चालेल का’ साठी आहे. शिकार करावी की करू नये, हा वाद आम्ही आज काढणार नाही. ज्याला जायचं आहे त्याने परवाना कसा काढायचा, आणि मुख्य म्हणजे शेजारच्या राज्यात जाताना तो इतका महाग, अवघड आणि विचित्र का वाटतो, एवढंच समजून घेऊ. आमच्या मते यातलं ‘का’ एकदा कळलं की फॉर्ममधले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

उदाहरण म्हणून आपण शिकागोच्या आसपास, समजा नेपरविलला राहणारा माणूस धरू. राज्य इलिनॉय. त्याला पश्चिमेला आयोवा आणि उत्तरेला विस्कॉन्सिन. दोन्ही ठिकाणी प्राणी तोच, पांढऱ्या शेपटीचं हरीण, ज्याला तिकडे व्हाइटटेल म्हणतात. दोन्हीकडे गाडीने काही तासांत पोचता येतं. पण परवान्याच्या बाबतीत ही दोन राज्यं म्हणजे दोन टोकं आहेत.

आधी मुळाशी जाऊ. अमेरिकेत रानातलं हरीण कुणाचं? ज्याची जमीन त्याचं, असं नाही. केंद्र सरकारचंही नाही. ते त्या राज्यातल्या जनतेचं, आणि राज्य सरकार त्याचा विश्वस्त, असा तिथला जुना विचार आहे. विस्कॉन्सिनमध्ये शेकॉमेगन-निकोले नावाचं सुमारे १५ लाख एकरांचं राष्ट्रीय अरण्य आहे. ती जमीन सगळ्या देशाची. तुम्ही इलिनॉयहून जा, टेक्सासहून जा, तिथे हिंडायला कुणी अडवणार नाही. पण त्याच जंगलातलं हरीण मात्र विस्कॉन्सिनचं. ते मारायचं तर विस्कॉन्सिनला विचारूनच.

इथे लोक हटकून एक आक्षेप घेतात. ‘आम्ही सगळे एकाच देशात कर भरतो, मग हा भेदभाव कसा चालतो?’ हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मोंटाना राज्यात एल्कच्या शिकारीवरून. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ समजा. १९७६ च्या हंगामात मोंटानाच्या रहिवाशाला एल्कचा परवाना ९ डॉलरला मिळत होता. बाहेरच्या माणसाला एकट्या एल्कचा परवाना मिळायचाच नाही, त्याला सगळ्या प्राण्यांचा मिळून एकत्र परवाना घ्यावा लागे आणि त्याचे २२५ डॉलर. म्हणजे पंचवीस पट! मिनेसोटाचे काही शिकारी आणि त्यांना नेणारा मोंटानाचाच एक वाटाड्या, बाल्डविन, कोर्टात गेले. १९७८ साली निकाल लागला, सहा विरुद्ध तीन. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी बहुमताचा निकाल लिहिला आणि त्याचा मथितार्थ असा की, हौसेखातर एल्क मारणं हा काही नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे. पोटासाठी दुसऱ्या राज्यात जाऊन धंदा करायला राज्य आडकाठी करू शकत नाही, पण खेळ म्हणून शिकार करायची असेल तर घरच्यांना आधी वाढण्याचा राज्याला अधिकार आहे.

पुढे ॲरिझोनामध्ये परराज्यातल्या शिकाऱ्यांसाठी काही शिकारींत १० टक्क्यांची मर्यादा होती, तिच्यावर २००२ साली एका अपील न्यायालयाने बोट ठेवलं. तर २००५ साली अमेरिकी संसदेने कायदाच करून टाकला, की रहिवासी आणि बाहेरचे यांच्यात फरक करण्याचा राज्यांचा अधिकार कायम आहे. विषय संपला.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या ८५ टक्के जागा राज्याच्या आणि १५ टक्के अखिल भारतीय, त्यासाठी डोमिसाइलचा दाखला काढायला तहसील कचेरीत घातलेल्या खेपा, हे ज्याने अनुभवलंय त्याला हा फॉर्म लगेच कळेल. परवान्याच्या अर्जातला पहिला आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न बंदुकीबद्दल नाही. तो तुमच्या पत्त्याबद्दल आहे.

राज्यांचा हा हट्ट नुसता कंजूषपणाही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाजारात मांस विकण्यासाठी झालेल्या कत्तलीने अमेरिकेतली हरणं जवळजवळ संपली होती. आयोवात १८९८ साली शिकार बंद करावी लागली आणि ती पुन्हा सुरू व्हायला १९५३ साल उजाडलं. मधल्या काळात हरीण परत आलं ते परवान्यांच्या पैशावर. १९३७ साली पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. बंदुका आणि काडतुसांवरचा कर, मोठ्या बंदुकांवर ११ टक्के, तो वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटायचा. वाटणी कशावर? निम्मी राज्याच्या क्षेत्रफळावर आणि निम्मी परवानाधारकांच्या संख्येवर. शिवाय अट अशी की परवान्याची फी राज्याने दुसऱ्या कशावर उडवायची नाही. आपल्याकडे उपकर एका कामासाठी गोळा होतो आणि कुठे जिरतो ते कळत नाही, त्या पार्श्वभूमीवर ही अट आम्हाला फार मोलाची वाटते. तर तुम्ही बाहेरचे म्हणून जे जास्तीचे डॉलर मोजता, ते निदान हरणाच्याच खात्यावर पडतात.

आता प्रत्यक्ष काम. कॅलेंडर हिवाळ्यापासून सुरू करा, शिकार नोव्हेंबरात असली तरी.

पहिलं म्हणजे शिकारीचं शिक्षण, हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र. आयोवात १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्याला आणि विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ ला किंवा नंतर जन्मलेल्याला हे लागतंच. परराज्यातला असलात तरी सूट नाही. चांगली गोष्ट ही, की तुम्ही इलिनॉयमध्ये कोर्स केलात तर त्याचं प्रमाणपत्र शेजारी चालतं. ते एकदाच करायचं, आयुष्यभर पुरतं. कॉलेजात एनसीसीत रायफल चालवली होती, हे मात्र इथे कुणी ऐकून घेत नाही. कोर्समध्ये शिकवतात ते नेमबाजीपेक्षा वेगळंच असतं : कुंपण ओलांडताना बंदूक कशी रिकामी करायची, लक्ष्याच्या मागे काय आहे ते आधी बघायचं, झाडावरच्या माचाणावर पट्टा बांधल्याशिवाय चढायचं नाही. प्रत्यक्ष मैदानावरचे वर्ग उन्हाळ्याच्या अखेरीला भराभर भरतात. म्हणून हिवाळ्यात किंवा वसंतात उरकून घ्या.

दुसरं, सोशल सिक्युरिटी नंबर. हरणाच्या परवान्याला तो कशाला, असा प्रश्न प्रत्येकाला पडतो आणि अनेकांना त्यात फसवणुकीचा वास येतो. त्याचं उत्तर गमतीचं आहे. १९९० च्या दशकातल्या एका केंद्रीय कायद्याने राज्यांना सांगितलं, की घटस्फोटानंतर मुलांचा पोटगीखर्च बुडवणाऱ्या बापांना शोधायचं तर परवाने देतानाच त्यांचे नंबर नोंदवा. त्यात वाहन परवाना आला, लग्नाचा परवाना आला आणि मासेमारी-शिकारीचाही आला. म्हणजे पोटगी थकवलेल्या माणसाचं हरीणही थांबू शकतं. तेव्हा राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर हा नंबर मागितला तर बिचकू नका. मात्र ते संकेतस्थळ राज्याचंच आहे ना, एवढं पाहा. मधले दलाल जास्त पैसे घेऊन तोच फॉर्म भरून देतात.

आता आयोवा. इथे बाहेरच्यांसाठी शिंगवालं हरीण मारता येईल असे सगळे मिळून ६,००० परवाने, असं कायद्यातच लिहिलंय. त्यातले तिरकमठ्यासाठी ३५ टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. राज्याचे १० विभाग पाडलेत, प्रत्येकाचा कोटा वेगळा. अर्ज मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी सुरू होतात आणि जूनच्या पहिल्या रविवारी बंद. नोव्हेंबरच्या शिकारीची खिडकी जूनमध्ये बंद होते, हे नवख्याच्या गावीही नसतं. तो ऑक्टोबरात चौकशी करतो आणि हात हलवत बसतो.

मग निघते सोडत. आपल्या म्हाडाच्या सोडतीसारखीच, पण एक फरक आहे आणि तो चांगला आहे. म्हाडात दहा वर्षं नंबर न लागलेला आणि काल पहिल्यांदा अर्ज केलेला, दोघे सारखेच. आयोवात ज्या वर्षी नंबर लागत नाही त्या वर्षाचा एक प्राधान्यगुण तुमच्या खात्यात जमा करता येतो. त्या गुणाचीही वेगळी फी आहे, फुकट काही नाही. पुढच्या वर्षी जास्त गुणवाल्यांचा आधी विचार होतो. परवाना मिळाला की गुण शून्यावर. दक्षिण आयोवातले नावाजलेले विभाग मागितलेत तर चार-पाच वर्षं थांबायची तयारी ठेवा. कमी मागणीच्या विभागात लवकर जमतं.

अर्ज करताना विभागच नाही, तर हंगामही आधीच निवडावा लागतो : तिरकमठा, शॉटगनचा पहिला किंवा दुसरा हंगाम, की उशिराचा ठासणीच्या बंदुकीचा. सुरुवातीचा ठासणीचा हंगाम फक्त रहिवाशांसाठी राखीव आहे, त्याच्याकडे बघूच नका. आणि खर्च? शिकारीचा मूळ परवाना, अधिवास-संवर्धनाची फी आणि हरणाचा परवाना मिळून ६०० डॉलरच्या पुढे जातो.

एवढं सगळं जमून आलं तरी एक भलीमोठी अडचण उरते. आयोवात बहुतेक जमीन खासगी आहे, मका आणि सोयाबीनची शेतं. परवाना तुम्हाला हरीण मारायची मुभा देतो, कुणाच्या बांधावर पाय ठेवायची नाही. म्हणून आमचा सल्ला असा की आधी जमीन ठरवा, मग विभाग. म्हणजे अर्ज करण्याआधी एखाद्या शेतकऱ्याशी ओळख काढा, वसंतात जाऊन भेटा, लेखी परवानगी घ्या, तो ज्या विभागात आहे तो विभाग अर्जात भरा. सार्वजनिक जमीन आहे, पण थोडी आणि गर्दीची. आणखी एक गैरसमज : ‘मी आयोवात चाळीस एकर विकत घेतो, मग मी आतला.’ तसं होत नाही. जमीनदार असलात तरी घर बाहेर असेल तर तुम्ही बाहेरचेच, आणि रांगेत सगळ्यांच्या मागे उभे राहायचं. यावरून तिथे वर्षानुवर्षं धुसफूस चालू आहे.

विस्कॉन्सिनचं त्याच्या अगदी उलट. बाहेरच्यांना बंदुकीच्या हरीण-परवान्यांची संख्येची मर्यादा नाही, सोडत नाही, गुण नाहीत. दुकानात जा किंवा ऑनलाइन काढा. रहिवाशाला २४ डॉलर, तुम्हाला २००. बंदुकीचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारा. त्या परवान्यासोबत एक शिंगवाला नर मारण्याची मुभा मिळते. बिनशिंगी हरणासाठी, म्हणजे प्रामुख्याने मादीसाठी, जी वेगळी अनुमती असते ती मात्र विभागानुसार आणि जमिनीनुसार असते. खासगी जमिनीची अनुमती सार्वजनिक जंगलात चालत नाही आणि उलटही. हा एक चौकोन घाईत चुकीचा टिकला जातो आणि मग जंगलात उभं राहिल्यावर लक्षात येतं. तुम्ही नेमके कुठे उभे राहणार, ते ठरवूनच टिक करा.

ज्याला पहिल्यांदा नुसतं अनुभवून पाहायचंय त्याच्यासाठी विस्कॉन्सिनमध्ये एक सोय आहे. प्रमाणपत्र नसलं तरी अनुभवी शिकाऱ्याच्या हाताखाली, अक्षरशः हाताच्या अंतरावर राहून, शिकार करता येते. परवाना मात्र स्वतःचा हवाच. तेव्हा आमचं म्हणणं असं : पहिलं वर्ष विस्कॉन्सिनला जा, आणि त्याच वर्षी मे महिन्यात आयोवाच्या रांगेतही नाव घालून ठेवा. तिकडचे गुण साठेपर्यंत इकडे हात बसेल.

आता त्या पत्त्याच्या प्रश्नाकडे परत येऊ, कारण खरा धोका तिथेच आहे. २४ आणि २०० मधला फरक बघून मोह होतो. भाऊ मॅडिसनला राहतो, त्याचा पत्ता टाकला तर? किंवा पूर्वी डी मॉइनला नोकरी होती, तिथलं जुनं लायसन्स अजून पाकिटात आहे. असं करू नका. विस्कॉन्सिनमध्ये रहिवासी ठरायला अर्जाच्या लगेच आधीचे ३० दिवस तुमचं कायमचं घर तिथे असावं लागतं. आयोवात सलग ९० दिवस मुख्य घर तिथेच हवं. मतदान कुठे करता, कर कुठे भरता, गाडी कुठे नोंदवलीय, हे सगळं तपासता येतं. खोट्या पत्त्यावर काढलेल्या परवान्याने मारलेलं हरीण हे बेकायदा मारलेलं हरीण. ते गाडीत घालून तुम्ही राज्याची सीमा ओलांडलीत की १९०० सालचा लेसी कायदा लागतो आणि राज्याच्या दंडाचं प्रकरण केंद्रीय गुन्हा होऊन बसतं. शिवाय राज्याराज्यांत करार आहे. १९८९ मध्ये कोलोरॅडो, नेवाडा आणि ओरेगन यांनी सुरुवात केली, आता जवळजवळ सगळी राज्यं त्यात आहेत. एकाने परवाना रद्द केला की बाकीच्यांतही दार बंद. दीडशे-पावणेदोनशे डॉलर वाचवण्यासाठी हे ओढवून घेण्यात कसलंही शहाणपण नाही.

विद्यार्थ्यांसाठी मात्र एक दिलासा. आयोवात पूर्णवेळ शिकणारा आणि तिथेच राहणारा विद्यार्थी हा शिकारीच्या परवान्यापुरता रहिवासी धरला जातो. एम्सला इंजिनिअरिंग करणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.

शिकार झाल्यावरचं थोडक्यात. आयोवात हरीण पडल्यापासून १५ मिनिटांत, आणि ते हलवण्याआधी, त्याला टॅग बांधायचा. दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत नोंद करायची. विस्कॉन्सिनमध्ये नोंदीची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. टॅग म्हणजे आपल्या पावतीसारखा, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. ‘माझं मिळालं नाही, तुझं उरलंय, देऊन टाक’ हा गुन्हा आहे. घरी आणताना अख्खं धड आणू नका. हरणांमध्ये मेंदूचा एक रोग पसरतोय, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. तो १९६७ साली कोलोरॅडोमध्ये पहिल्यांदा लक्षात आला आणि विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली सापडला. म्हणून बहुतेक राज्यं मेंदू आणि पाठीचा कणा सीमेपलीकडून आणू देत नाहीत. हाडं काढलेलं मांस, स्वच्छ केलेली शिंगांसकट कवटीची वरची पट्टी, कातडं, एवढं चालतं. मांस विकायचं नाही. वाटा, दान करा.

शेवटी एका प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, कारण आज तीन चिठ्ठ्या त्याच विषयावर आल्या आहेत : ‘आम्ही एच-वन-बी व्हिसावर आहोत, आम्हाला चालेल का?’

केंद्रीय कायदा असा आहे, की स्थलांतरित नसलेल्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने बंदूक किंवा काडतूसही जवळ बाळगायचं नाही. एच-वन-बी, विद्यार्थी व्हिसा, दोन्ही त्यात येतात. ‘जवळ बाळगणं’ म्हणजे मालकी नव्हे. मित्राची बंदूक हातात धरली तरी ते बाळगणंच. पण त्याच कायद्यात अपवाद आहे : अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने रीतसर दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना तुमच्याकडे असेल तर ही बंदी लागू होत नाही. म्हणजे आपल्यासाठी हा परवाना दुहेरी कामाचा कागद आहे. तो हरणाचा आहे आणि बंदुकीचाही. म्हणून क्रम पाळा. आधी परवाना हातात, मग बंदुकीला हात, सरावासाठी मैदानावर जायचं असलं तरीही. परवान्याची मुदत संपते त्या दिवशी हा आडोसाही संपतो, आणि कपाटात राहिलेली बंदूक व्हिसा धोक्यात आणू शकते. बंदुकीच्या गुन्ह्यावरून देशाबाहेर काढण्याची तरतूद आहे. ज्यांचा व्हिसाच संपलेला आहे त्यांना हा अपवाद लागू नाही. इलिनॉयच्या रहिवाशाला याशिवाय राज्याचं बंदूकधारकाचं ओळखपत्र लागतं ते वेगळंच. परवाना काढण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला तासाभराची फी देऊन विचारा, ती फी हरणाच्या परवान्यापेक्षा महत्त्वाची आहे.

आणि ज्यांना ही कटकटच नको त्यांच्यासाठी तिरकमठा आहे. केंद्रीय कायद्याच्या लेखी तो बंदूक नव्हे. परवाना, टॅग, शिक्षण हे सगळं त्यालाही लागतं, पण व्हिसाचा प्रश्न उरत नाही. आयोवाच्या सहा हजारांतला तिरकमठ्याचा वाटा वेगळा असतो हे मघाशी सांगितलंच. त्याची खिडकी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी उघडते.